वाचकांचे प्रश्न : जुनी आरएस, लांब डिकी आणि पुण्याचे रस्ते

गेल्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते : घरात गाडी एकच, ती चार-पाच जणांना सामानासकट नेणारी हवी आणि पळणारीही हवी, तर सेकंड हँड बाजारात काय बघावं आणि घेतल्यावर ती कशी टिकवावी? आलेल्या प्रश्नांत स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसबद्दलचे, म्हणजे ऑक्टाव्हियाच्या जास्त ताकदीच्या आवृत्तीबद्दलचे, सर्वाधिक आहेत, यात नवल नाही. छत मागपर्यंत सरळ नेलेली खरी इस्टेट आपल्याकडे कधी रुजलीच नाही. टाटा इस्टेट, इंडिगो मरीना, बलेनो आल्टुरा, ऑक्टाव्हिया कॉम्बी अशा आल्या आणि गेल्या. आरएस दिसायला सेडान असली तरी तिचं मागचं दार काचेसकट वर उघडतं आणि डिकी ५९० लिटरची आहे, म्हणून तिलाही याच पंगतीत बसवलं आहे.

कर्वेनगर : २०१७ची ऑक्टाव्हिया आरएस २३० बघतो आहे. ६८ हजार किलोमीटर चालली आहे. मालक म्हणतात, "सगळं शोरूमलाच केलंय, डोळे झाकून घ्या." तरी काय तपासू?

डोळे उघडे ठेवून घ्या. पहिली अट, गाडी थंड असताना बघायला मिळाली पाहिजे. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. तो कोमट लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन सुरू होतानाचे पहिले दोन-तीन सेकंद ऐका. टायमिंग चेनच्या बाजूने खडखड आली आणि लगेच थांबली, तर ती टेन्शनरची, म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या भागाची, असू शकते. या पिढीच्या इंजिनात हा दोष कमी, पण ऐकायला पैसे पडत नाहीत.

मग बिलं मागा. सर्व्हिस बुकातले शिक्के नकोत, बिलंच हवीत. या गाडीला सहा गिअरचा, ओल्या (तेलात फिरणाऱ्या) क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि त्याचं तेल व फिल्टर ६० हजाराला बदलायचं असतं. गाडी ६८ हजाराला आहे, म्हणजे ते बिल असायलाच हवं. नसेल तर तेवढी रक्कम किमतीतून वजा करा. स्पार्क प्लगसुद्धा साधारण याच सुमारास बदलायचे असतात. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदललं होतं का, हेही बिलांवरूनच कळेल.

तिसरं काम स्कॅनचं. साधा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर नको. व्हीसीडीएससारखं, फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांचे सगळे कंट्रोलर वाचणारं यंत्र असलेला माणूस सोबत न्या. जुने फॉल्ट कोड नोंदले जातात तेव्हा त्यांच्यासोबत त्या वेळचे किलोमीटरही नोंदले जातात. मीटर ६८ हजार दाखवतोय आणि एखाद्या कंट्रोलरमधला कोड ९१ हजाराला पडलेला असेल, तर पुढचं बोलणं तिथेच संपतं. सगळे कोड आदल्या दिवशीच पुसलेले दिसले, तर तोही एक जबाबच समजा.

टायरवर डॉटच्या पुढचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. चारही टायर वेगवेगळ्या कंपनीचे असतील, तर खर्च टाळत चालवलेली गाडी आहे असं धरा. ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियर लावून मोजा.

कागदांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी एमएच १२ची असो की एमएच १४ची, नंबर तोच राहतो. विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस विक्रेत्याचा असतो, तो तुमच्याकडे येत नाही. प्रलंबित चलनं आधी भरून घ्या, नंतर फोन उचलले जात नाहीत.

पिंपळे सौदागर : डीएसजीचं तेल बाहेरच्या गॅरेजमध्ये बदललं तर चालेल का? आमचा मेकॅनिक म्हणतो, साधं काम आहे.

काम साधं आहे, पण क्रम चुकला की गिअरबॉक्सला भोवतं. तुमचा मेकॅनिक खालच्या गोष्टी न विचारता सांगत असेल, तर बिनधास्त करा.

तेल जी ०५२ १८२ या नंबरचं किंवा तोच मापदंड लिहिलेलं हवं. "सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं" असं एटीएफ (साध्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) भरलं की क्लच थरथरू लागतो, कारण या खोक्यात क्लच, गिअर आणि मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं नियंत्रण युनिट) एकाच तेलात आहेत. सोबत नवा फिल्टर, त्याची ओ-रिंग आणि ड्रेन बोल्टचं नवं वॉशर घ्या. पूर्ण खोक्यात ७ लिटरच्या आसपास तेल मावतं, पण बदलताना निघतं आणि भरायचं ते सव्वापाच ते साडेपाच लिटर. सहा लिटर आणून ठेवा.

गाडी लिफ्टवर आणि सपाट हवी, जॅकवर एका बाजूने उचललेली नको. फिल्टर खोक्याच्या वरच्या बाजूला असतो. त्याचं झाकण आधी सैल करून ठेवलं की फिल्टरच्या घरातलं तेल खाली उतरतं. मग खालचा ड्रेन बोल्ट काढायचा. बोल्ट निघाला की थोडंसंच तेल येतं आणि थांबतं. इथेच नवखा फसतो आणि "झालं" म्हणतो. बोल्टच्या भोकात आत प्लास्टिकची उभी नळी असते, ती ॲलन कीने काढली की खरं तेल येतं. निथळू द्या, नळी परत हलक्या हाताने बसवा आणि तिथूनच, खालून, ॲडॅप्टर लावून नवं तेल वर चढवा.

आता पातळी. इंजिन चालू, ब्रेकवर पाय. पी, आर, एन, डी, एस अशा प्रत्येक जागी काही सेकंद थांबत लिव्हर फिरवा आणि परत पीवर आणा. स्कॅनरवर गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान ३५ ते ४५ अंशांत आलं की इंजिन चालू ठेवूनच बोल्ट उघडा. जास्तीचं तेल धारेने पडेल. धार तुटून थेंब झाले की बोल्ट नव्या वॉशरसह ४५ न्यूटनमीटरला आवळा. फिल्टरच्या झाकणाला २० पुरतात. ते प्लास्टिकचं आहे, जोर दाखवला की चिरतं. गाडी गरम असताना किंवा इंजिन बंद करून पातळी बघितली तर ती हमखास चुकते. मग दोन महिन्यांनी पहिला-दुसरा गिअर झटका देतो आणि दोष गाडीला लागतो.

हडपसर : माझ्या आरएसमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी कूलंट पाव लिटर कमी होतं. खाली डाग पडत नाही. गॅरेजवाले म्हणतात, "उन्हाळा आहे, उडून जातं."

बंद सिस्टिममधलं कूलंट उडून जात नाही. ते कुठूनतरी बाहेर पडतंय.

तुमच्या २.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनात, आणि १.८ टीएसआय ऑक्टाव्हियातही, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट हे एकत्र प्लास्टिकच्या घरात असतात. हे घर इंजिनच्या पुढच्या बाजूला, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली आहे. तापणं-निवणं चालू राहिलं की प्लास्टिक किंचित वाकतं, सील दबून जातं आणि झिरपायला लागतं. पाणी खाली गिअरबॉक्सच्या तापलेल्या अंगावर उतरतं आणि तिथेच वाळतं. जे उरतं ते इंजिनखालच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये साचतं. म्हणून पार्किंगमध्ये डाग दिसत नाही. ट्रे उतरवून टॉर्च मारा. वाळलेल्या कूलंटचा गुलाबी-पांढरा थर दिसेल.

खात्रीसाठी, इंजिन पूर्ण थंड असताना एक्स्पान्शन टँकला हातपंप लावून दीड बारपर्यंत दाब द्या आणि वीस मिनिटं थांबा. काटा उतरला की गळती नक्की. बाहेर कुठेच ओल नसेल आणि तरी काटा उतरत असेल, तरच हेड गास्केटकडे वळा. आधी नाही.

दुरुस्तीत नुसतं सील बदलून घेऊ नका. घर वाकलेलं असतं, नवं सीलही वर्षभरात तेच करतं. पूर्ण मोड्युल घ्या. या पंपाला बॅलन्स शाफ्टवरून चालणारा एक छोटा दातेरी पट्टा असतो, तोही त्याच वेळी बदला. कूलंट जी १३ किंवा जी १२ इव्हो, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी नको. आणि हिरवं कूलंट "तात्पुरतं" टाकू नका, वेगळ्या जातीची मिसळली की गाळ होतो. भरताना व्हॅक्यूमने भरणारं यंत्र असलेलं गॅरेज बघा. हवा अडकली तर खंबाटकीच्या चढावर काटा वर जाईल आणि तुम्ही नवा पंप खराब निघाला म्हणाल.

वाकड : माझी ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय ऑटोमॅटिक आहे. रीमॅप करून, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून, आरएसइतकी ताकद मिळते म्हणतात. दीड तासाचं काम आहे. करावं का?

नको. तुमच्या इंजिनाला १८० पीएस आणि २५० न्यूटनमीटर आहेत. २५० हा आकडा इंजिनाची कुवत नाही, गिअरबॉक्सची आहे. सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी २५० न्यूटनमीटरसाठीच बनवलेला आहे. इंजिन सॉफ्टवेअरने सहज तीनशेच्या वर जाईल, क्लच जाणार नाही. कोरड्या क्लचला थंड करायला तेल नसतं. हिंजवडीच्या रांगेत दोन-दोन फूट सरकताना तो आधीच तापलेला असतो, त्यावर हा जोर आला की आधी थरथर, मग पहिल्या-दुसऱ्यात झटके, शेवटी क्लच पॅक. तो खर्च रीमॅपच्या कितीतरी पट आहे.

आरएस २३०वाल्यांनीही हुरळू नये. तिचं इंजिन मुळातच ३५० न्यूटनमीटर देतं आणि गिअरबॉक्सलाही त्याहून फार मोकळीक नाही. क्लच ओले असल्याने ती थोडं जास्त सोसते, इतकंच. २०२०मध्ये आयात झालेल्या दोनशे आरएस २४५ गाड्यांना ३७० न्यूटनमीटर आहेत, आणि त्यांना वेगळा, सात गिअरचा ओला डीएसजी दिलेला होता.

शिवाय विमा कंपनीला न कळवता ताकद वाढवली असेल, तर मोठ्या क्लेमच्या वेळी वाद ओढवून घ्याल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या दुकानातून निघून या.

ट्रॅफिकसाठी एक सवय लावून घ्या. पुढची गाडी हातभर सरकली म्हणून सरकू नका. गाडीभर जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून एकदम पुढे जा. मागचा हॉर्न वाजवेल. पुण्यात तो तसाही वाजवतोच. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरणं म्हणजे क्लच जाळणं.

विमाननगर : कोणतं पेट्रोल भरावं? ई२०चं काय?

आरएसच्या इंधनाच्या झाकणामागे किमान ऑक्टेन लिहिलेलं आहे. ते ९५ आहे आणि तेवढं पाळा. त्याहून कमी ऑक्टेनवर नॉक सेन्सर इग्निशन मागे घेतो. गाडी बिघडत नाही, पण ज्याचे पैसे मोजले ती ओढ मिळत नाही. ९५ची शिफारस असलेल्या गाडीत रोज १०० ऑक्टेन भरून फायदा नगण्य.

इथेनॉलचं कितपत चालतं, तेही त्याच स्टिकरवर असतं. या वयाच्या गाड्यांवर बहुधा ई१०पर्यंतच लिहिलेलं दिसेल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून ई२०वर ॲव्हरेज हिशेबानेच सहा-सात टक्के उतरतं. तेवढ्यासाठी इंजेक्टर साफ करून घेऊ नका. खरी काळजी आहे ती महिनोन्महिने उभ्या गाडीची. इथेनॉल ओलावा धरतं. अर्ध्या टाकीवर गाडी झाकून परदेशी जाऊ नका. कोणाला तरी पंधरा दिवसांनी ती पूर्ण गरम होईपर्यंत चालवायला सांगा. इंधनाच्या पाइपांची रबरं दर सर्व्हिसला हाताने दाबून बघा. कडक झालेलं किंवा घामेजलेलं रबर बदला.

धायरी : १८ इंची टायर दर पावसाळ्यात एक तरी फुगतो. आणि स्पीडब्रेकरवर पुढून आवाज येतो, दोनदा काम करूनही गेला नाही.

२२५/४० आर१८ टायरची बाजूची भिंत ९० मिलिमीटरची. सिंहगड रोडचा खड्डा तिला भारी पडणारच. २२५/४५ आर१७ घेतलात तर भिंत १०१ मिलिमीटरची होते आणि चाकाचा एकूण व्यास जेमतेम तीन मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे स्पीडोमीटरला फरक नाही. अट एकच, १७ इंची रिम पुढच्या ब्रेक कॅलिपरवरून मोकळी फिरली पाहिजे. विकत घेण्याआधी एक रिम चढवून हाताने फिरवून बघा. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. वळणावरचा नेमकेपणा थोडा जाईल, पण दरवर्षी फुगलेला टायर फेकणं थांबेल. फुगलेला टायर स्टेपनी म्हणूनही ठेवू नका, आतले धागे तुटलेले असतात. आणि हवा सोसायटीच्या गेटवर अंदाजाने नाही, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे. कमी हवेनेच निम्मे टायर फुगतात.

आता आवाज. छोट्या खड्ड्यांवर बारीक टकटक असेल तर स्टॅबिलायझरची ड्रॉप लिंक. स्पीडब्रेकरवरून उतरताना एकच धप्प, तर स्ट्रटचं वरचं माउंट. पार्किंगमध्ये स्टिअरिंग फिरवताना किंवा हळू ब्रेक दाबताना करकर, तर लोअर आर्मचा मागचा बुश. दोनदा काम करूनही आवाज येतो म्हणजे बहुधा बुश नवीन आहे पण चुकीचा आवळला आहे. लिफ्टवर चाक लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली आल्यावर बुशचं रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट आधी नुसता लावायचा, गाडी चाकांवर उभी करायची किंवा जॅकने आर्म उभ्या गाडीच्या उंचीला आणायचा, मग टॉर्क द्यायचा. हे काम समोर उभं राहून करून घ्या. त्यानंतर अलाइनमेंट, आधी नाही.

कोथरूड : गणपतीला पाच जण आणि भरलेली डिकी घेऊन ताम्हिणीतून उतरतो. गेल्या वर्षी ब्रेक पॅडल मऊ पडलं. पॅड तर नवे आहेत.

पॅड नवे असतील, ब्रेक ऑइल जुनं आहे. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलेल्याची हीच हमी १५५ अंशांवर येते. उतारावर सतत ब्रेक दाबला की कॅलिपरमधलं ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, चाकापर्यंत जोर पोचत नाही. दर दोन वर्षांनी बदला, आणि कोकणात जायचं असेल तर पावसाळ्यानंतर नाही, जाण्याआधी. चारही चाकांचं ब्लीडिंग करून जुनं पूर्ण निघालं पाहिजे. वरच्या डब्यातलं ओढून नवं ओतणं म्हणजे बदलणं नव्हे. मागचे पॅड बदलताना इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर तो स्कॅनरने सर्व्हिस मोडला न्यावा लागतो. पिस्टन क्लॅम्पने दाबला की मोटर जाते.

उतरताना लिव्हर मॅन्युअलला घ्या आणि दुसरा-तिसरा गिअर धरा. डीवर ठेवलं तर गाडी ॲव्हरेज वाचवायला वरचा गिअर टाकत राहते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

सामानाचं थोडं. जड बॅगा मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, तळाशी. खिडकीच्या पातळीच्या वर काही रचू नका. लिफ्टबॅक आणि इस्टेटमध्ये डिकी आणि माणसं यांच्यात भिंत नसते, जोरात ब्रेक मारला की पितळी समया पुढे येतात. मागे कोणी बसलं नसेल आणि डिकी भरलेली असेल, तरी मागचे सीटबेल्ट लावून ठेवा. सीटच्या पाठीला आधार मिळतो. छतावर कॅरिअरच्या वजनासकट ७५ किलो, बस. हवा पूर्ण भाराच्या रकान्याप्रमाणे भरा, मागच्या टायरांना बरीच जास्त लागते.

चिंचवड : लॉरा आरएस, १.८ टीएसआय मॅन्युअल. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खाते. इंजिन उघडावं लागेल का?

कदाचित. पण क्रमाने जा. कंपनीच्या मते हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत खपणं "चालतं", पण या इंजिनाच्या त्या पिढीत ऑइल रिंगा चिकटण्याचा दोष ठाऊक आहे. आधी नीट मोजा. सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा. हजार किलोमीटरनंतर त्याच जागी, तशाच पद्धतीने पुन्हा खुणेपर्यंत यायला किती लागलं ते मोजपात्राने बघा.

मग पीसीव्ही, म्हणजे इंजिनातली वाफ परत इनटेककडे नेणारा व्हॉल्व्ह. इंजिन आयडलवर असताना ऑइलचं झाकण उघडायचा प्रयत्न करा. ते आत खेचून धरलं गेलं असेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पीसीव्हीचा पडदा फाटलाय आणि ऑइल थेट इनटेकमध्ये जातंय. तो भाग वरच्या वर बदलता येतो, अर्ध्या दिवसाचं काम. त्याने खप उतरला नाही तरच कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन तपासून पिस्टन-रिंगांचा विचार करा. ऑइल फोक्सवॅगन ५०२ ०० मापदंडाचं ५डब्ल्यू-४० वापरा आणि दहा हजाराला बदला, पंधराची वाट बघू नका.

याच इंजिनाला चेन टेन्शनरचा धोका आरएस २३०पेक्षा जास्त आहे. सुधारित टेन्शनर बसवल्याचं बिल नसेल तर आधी त्यावर खर्च करा, मग रिंगांवर. चेन उडाली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि ऑइलच्या खपाचा प्रश्नच उरत नाही.

बाणेर : आरएस २३० की व्होल्वो व्ही९० क्रॉस कंट्री? दोन्ही जुन्या. रोजचं चालवणं बाणेर ते औंध, महिन्यातून एकदा मुंबई.

व्ही९० ही खरी इस्टेट आहे. चारही चाकांना ताकद, २३५ हॉर्सपॉवरचं डिझेल, २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स. पुण्याच्या स्पीडब्रेकरांसाठी देवानेच दिली असं वाटावं. पण तुमचं रोजचं अंतर बघता आमचं मत आरएसकडे. डिझेलच्या डीपीएफला (धुरातली काजळी धरणाऱ्या फिल्टरला) स्वतःला जाळून साफ करायला सलग वीसेक मिनिटांची मोकळी धाव लागते. बाणेर-औंध फेऱ्यांत ती अर्ध्यावर तुटते, फिल्टर भरतो, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. महिन्यातून एक मुंबई त्याला अपुरी. रोज तळेगाव किंवा चाकण असतं तर उत्तर उलटं दिलं असतं.

आणखी एक, दोन्ही गाड्यांना लागू. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, सुट्या भागांची नाही. साठ लाखांची गाडी तुम्हाला वीसला मिळाली तरी तिचा हेडलाइट साठ लाखांच्या गाडीचाच असतो.

औंध : भाऊ इंग्लंडमध्ये आहे. तिकडे ऑक्टाव्हिया आरएस इस्टेट खूप स्वस्त मिळते. आणता येईल का?

जी स्वस्त मिळते ती आणता येत नाही. वापरलेली गाडी उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी चालत नाही, उजव्या स्टिअरिंगची हवी, आणि मुंबई बंदरातूनच येते. शिवाय ड्युटी गाडीच्या मूल्याहून अधिक. विषय सोडा.

सदाशिव पेठ : घरी जुनी ऑक्टाव्हिया कॉम्बी आहे, १.९ टीडीआय. पळायला अजून छान. पावसात डिकीतलं कार्पेट ओलं होतं, स्टेपनीच्या खोलीत पाणी साचतं. शोधून थकलो. पंधरा वर्षं उलटलीत, ठेवावी का?

गाडी हलती असेल आणि खालून सडली नसेल तर ठेवा. अशी परत मिळणार नाही.

पाण्यासाठी आधी मागच्या वायपरचा वॉशर चालवून बघा. त्याची नळी छतातून मागच्या दारापर्यंत जाते आणि दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळकांड्यात वाकते. तिथे ती निसटते किंवा चिरते. मग प्रत्येक वेळी काच धुताना पाणी छताच्या अस्तरात, तिथून खांबातून खाली उतरतं. काचेवर फवारा क्षीण येत असेल तर चोर सापडला. फवारा ठीक असेल तर डिकी रिकामी करा, कार्पेट काढा, एकाला टॉर्च घेऊन आत बसवा, दार लावा आणि बाहेरून होजपाइपने खालून वर असं पाणी मारत या : आधी बंपर, मग टेललाइट, मग दाराचं रबर, मग वरचा ब्रेकलाइट, शेवटी छतावरच्या रेल्स. एका जागी पाच मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. टेललाइटचं गास्केट आणि ब्रेकलाइटचं सील हे नेहमीचे संशयित. सनरूफ असेल तर त्याच्या ड्रेन नळ्यांत कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतला जोड निघतो. स्पीडोमीटरची जुनी केबल किंवा नायलॉनची जाड तार हळू सरकवा.

पुढे वायपरखालची जाळी काढून पिंपळाची, गुलमोहराची पानं जूनच्या आधी साफ करा. ती तुंबली की पाणी एसीच्या फिल्टरमधून डावीकडच्या प्रवाशाच्या पायाखाली येतं.

इंजिनात एकच गोष्ट जिवावरची, टायमिंग बेल्ट. कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरा. बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप एकत्र घ्या. नाना पेठेत मिळेल, पण पंपाचा पंखा प्लास्टिकचा नाही, धातूचा आहे ना, ते विचारून. कॅमशाफ्ट आणि डिझेल पंप लॉक करणारी साधनं नसलेल्या, खडूने खुणा करून बेल्ट चढवणाऱ्या मेकॅनिककडे देऊ नका.

नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांचं होतं. फॉर्म २५, फिटनेस तपासणी, ग्रीन टॅक्स, चालू विमा आणि पीयूसी लागेल, एचएसआरपी नंबर प्लेटही. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. तपासणीला नेण्याआधी हेडलाइटचा झोत, हॉर्न, चारही इंडिकेटर आणि हँडब्रेक बघून घ्या. आणि स्टेपनीच्या खोलीतलं पाणी काढून तळाचा गंज खरवडून रंग लावा.